तार तुटली तर?

मध्यंतरी ताईचा फोन आला. "अरे, तुझ्या भाच्याचा मायक्रो प्रोजेक्ट आहे. तापमानावर चालणारा पंखा. इथे एका दुकानात तयार मिळतोय, रिपोर्टसकट. दीड हजार म्हणतोय. घेऊन टाकू ना?"

मी नको म्हणालो. ती म्हणाली, "तुला पुण्यात बसून नको म्हणायला काय जातं? त्याला मार्क हवेत." मग आमचं थोडं वाजलं. (ताई, तू हे वाचणार आहेस हे माहीत असूनच लिहितोय. रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.)

तर मंडळी, आज जरा भांडायचं आहे. भांडण ताईशी नाही, त्या दुकानदाराशीही नाही. तो बिचारा विकत घेणारे आहेत म्हणून विकतोय. भांडण आहे ते त्या पंख्याशी. नीट सांगायचं तर आपण सगळे, शिक्षक, विद्यार्थी, विकणारे आणि घेणारे, ज्या गोष्टीला 'झालं, चालतंय' म्हणतो तिच्याशी.

आधी हा पंखा काय आहे ते सांगतो. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. थर्मिस्टर नावाचा एक मण्याएवढा भाग असतो. गरम झाला की त्याचा रोध कमी होतो. बाजारात सर्रास मिळणारा जो १० किलोओहमचा थर्मिस्टर आहे, तो २५ अंशांना १० किलोओहम असतो, ३२ अंशांना साधारण साडेसातच्या खाली येतो आणि ४० अंशांना सव्वापाचच्या आसपास. त्याला १० किलोओहमच्या साध्या रेझिस्टरशी ओळीने जोडायचं, वरून १२ व्होल्ट द्यायचे. थर्मिस्टर खालच्या बाजूला असेल तर मधल्या बिंदूवरचा दाब उकाडा वाढेल तसा उतरतो. ३२ अंशांना तो ५ व्होल्टच्या जरासा वर असतो. आता एलएम३५८ नावाची चवली-पावलीत मिळणारी आयसी घ्यायची आणि तिला सांगायचं की हा दाब आणि मी ठरवलेला दाब यांची तुलना कर. ठरवलेला दाब प्रीसेटने फिरवून लावायचा. उकाडा हद्दीबाहेर गेला की आयसी ट्रान्झिस्टरला हाक मारते, ट्रान्झिस्टर रिले खेचतो, रिलेचे पॉइंट जुळतात, पंखा फिरतो. बस्स. एवढंच.

आमच्या वेळी डिप्लोमाला हेच होतं, आजही हेच आहे. फरक इतकाच की आता कुणी त्यात आर्डुइनो घालतो, कुणी छोटा डिस्प्ले लावतो, कुणी मोबाइलवर तापमान दाखवतो. परीक्षक सोल्डरिंग आयर्नचं टोक थर्मिस्टरजवळ नेतात, पंखा फिरतो, सगळे हसतात, मार्क मिळतात. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट कपाटावर जातो आणि तिथेच मरतो.

याला माझी हरकत नसती. मुलं शिकताना अर्धवट गोष्टी करणारच. हरकत अशी आहे की या सर्किटचा अर्धा भाग कधी शिकवलाच जात नाही. आणि तो अर्धा भाग न शिकलेली माणसं पुढे खरी यंत्रं बनवतात, विकतात आणि बसवतात. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. जिभाऊंच्या शेडमध्ये कळलं.

जिभाऊ म्हणजे आमचे थोरले चुलतभाऊ. नवापूरकडे त्यांची पोल्ट्री आहे. नवापूर हे नाव बाहेरच्या लोकांना दोनच कारणांनी माहीत असतं. एक म्हणजे तिथलं रेल्वे स्टेशन, जे अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. दुसरं म्हणजे २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला. तेव्हा लाखांनी कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्या दोन्ही वेळा टीव्हीवाले आले, मास्क लावून उभे राहिले आणि गेले. पण पोल्ट्रीवाल्याचा दरवर्षीचा शत्रू टीव्हीवर येत नाही. तो म्हणजे मे महिना.

कोंबडीला घाम येत नाही. तिला घामाच्या ग्रंथीच नाहीत. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून लांब धरते, आणि तेवढ्यावरच तिला निभवावं लागतं. तिचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास असतं. बाहेरची हवा तिशी ओलांडून वर गेली की वाढ झालेल्या कोंबडीला त्रास व्हायला लागतो, चाळिशीला पोचली की मरायला लागतात. त्यातही आधी मरतात त्या भरलेल्या, वजनदार, विक्रीला आलेल्या. (ब्रॉयलरला आमच्याकडे 'बॉयलर' म्हणतात आणि मे महिन्यात ते नाव खरं वाटतं.) म्हणून शेडला पंखे लागतात. हवाच चाळिशीच्या वर गेली की नुसत्या पंख्यानेही भागत नाही. मग फॉगर, म्हणजे बारीक पाण्याचा फवारा, छपरावर पाणी, बाजूला ओली गोणपाटं, असं सगळं करावं लागतं.

जिभाऊंनी काही वर्षांपूर्वी तापमान बघून पंखे आणि फॉगर चालू-बंद करणारा एक तयार कंट्रोलर बसवून घेतला होता. कुणाचा ते महत्त्वाचं नाही. छान पेटी होती, लाल आकडे, तीन बटणं. दोन उन्हाळे उत्तम चालला. तिसऱ्या मे महिन्यात घरात लग्न होतं. हळदीच्या दिवशी सगळे घरी, शेडवर एकच पोरगा, तोही जेवायला गेलेला. विक्रीला चारच दिवस उरले होते. तीनच्या सुमाराला जिभाऊ सहज चक्कर मारायला गेले, तर शेडमध्ये पंख्याचा आवाजच नाही. वीज होती. पेटी चालू होती. लाल आकडे दिसत होते. आकड्यांच्या आधी वजाचं चिन्ह होतं.

मे महिन्यात, नवापुरात, दुपारी तीन वाजता, उणे काहीतरी अंश.

उंदराने सेन्सरची तार कुरतडली होती. पेटीला वाटलं, शेडमध्ये बर्फ पडलाय. मग पंखे कशाला हवेत? तिने इमानदारीत पंखे बंद ठेवले, फॉगरही बंद ठेवले. दोन हजार पक्ष्यांच्या शेडमधले साडेतीनशे गेले. हळद अंगाला लागलेला नवरदेव आणि त्याचे दोस्त मेलेल्या कोंबड्या उचलत होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी जिभाऊ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी पेटीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "आता सेन्सरच तुटला तर मशीन काय करणार?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. कारण ते खोटं आहे. सेन्सर तुटल्यावर मशीनने काय करायचं हे मशीन बनवणाऱ्यानेच ठरवायचं असतं. त्याने ठरवलं नाही, म्हणून ते उंदराने ठरवलं.

मी भाच्याला सांगितलं, प्रोजेक्ट विकत घ्यायचा नाही. एप्रिलमध्ये मी आठ दिवस येतोय, आपण दोघं बसू. सामान थोडं नंदुरबारला मिळालं, थोडं तो सुरतहून घेऊन आला. ट्रान्सफॉर्मर आणि पेटी धरूनही दुकानदाराच्या दीड हजारांच्या निम्मेसुद्धा लागले नाहीत.

पहिल्या दिवशी त्याने पुस्तकातलं सर्किट जोडलं आणि ते चाललं. सोल्डरिंग आयर्न जवळ नेलं, पंखा फिरला. "मामा, झालं!" मी म्हटलं, आता आयर्न लांब ने आणि खोली हळूहळू तापू दे. पत्र्याच्या खोलीत बसलो होतो, तिला तापायला वेळ लागत नाही. हद्दीवर आल्यावर रिले टक-टक-टक-टक करायला लागला. जरा गरम, चालू. पंख्याचा वारा लागला, जरा गार, बंद. परत गरम. असा टकटकणारा रिले मोठ्या मोटरला जोडला तर पॉइंट जळून चिकटायला किती वेळ लागणार? उपाय साधा आहे. आयसीच्या आउटपुटवरून तिच्याच प्लस इनपुटला एक लाख ओहमचा रेझिस्टर परत जोडायचा. मग चालू होण्याची हद्द वेगळी आणि बंद होण्याची वेगळी, मध्ये दोन-तीन अंशांचं अंतर पडतं. ३२ ला चालू झालेला पंखा २९-३० पर्यंत थांबत नाही. याला हिस्टेरिसिस म्हणतात. पोराला ही व्याख्या पाठ होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण हेच ते, हे त्याला रिले टकटकल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सर्किटसकट जिभाऊंकडे घेऊन गेलो. जिभाऊंनी पंखा फिरताना पाहिला. मान डोलावली. मग थर्मिस्टरची लांब तार बोटाने उचलून विचारलं, "काय रे भो, हाई तार तुटनी ते काय व्हई?"

ही तार तुटली तर काय होईल? ना इंजिनिअर, ना डिप्लोमा. सातवी पास माणूस. त्याने जो प्रश्न विचारला तो पोराला तीन वर्षांत कुणी विचारला नव्हता.

भाच्याने तिथेच तार काढली. पंखा बंद. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, मामा, आपण थर्मिस्टर आणि रेझिस्टरच्या जागा बदलू, म्हणजे उलटं होईल. मी म्हटलं, बदलून बघ. त्याने जागा बदलल्या, जुळणीसाठी आयसीचे इनपुटही बदलले, तार काढली. पंखा पुन्हा बंदच! त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. कारण जागेचा प्रश्नच नाही. हा थर्मिस्टर थंडीत रोध वाढवतो. तार तुटली म्हणजे रोध अनंत. म्हणजे अनंत थंडी. तुम्ही त्याला वर जोडा, खाली जोडा, तुटलेली तार सर्किटला नेहमी हिमालयच दाखवणार.

मग खरं काम सुरू झालं. एलएम३५८ च्या पोटात तुलना करणारे दोन भाग असतात. पुस्तकातल्या सर्किटमध्ये एकच वापरतात, दुसरा फुकट बसून असतो. आम्ही थर्मिस्टर परत खाली घेतला आणि त्या दुसऱ्याला कामाला लावलं. त्याला सांगितलं की मधल्या बिंदूचा दाब ९ व्होल्टच्या वर गेला तर ते खरं मानू नकोस. ९ व्होल्ट म्हणजे थर्मिस्टर जवळपास ३० किलोओहम, म्हणजे तापमान साधारण २-३ अंश. नवापूरच्या बंद शेडमध्ये दोन अंश कधी होतात? नाही होत. म्हणजे तार तुटली. पंखा चालू कर.

तेवढ्यावर भागलं नाही. जिभाऊंनी विचारलं, "आणि तुमचा हा डबाच जळाला तर?" बरोबर. मग रिलेची बाजू बदलली. रिलेला तीन पॉइंट असतात. एक सामाईक, एक रिले खेचल्यावर जुळणारा, एक रिले मोकळा असताना जुळलेला. पुस्तकात पंखा पहिल्या प्रकारच्या पॉइंटला असतो. रिले खेचला की पंखा चालू. आम्ही तो दुसऱ्या पॉइंटला घेतला आणि सगळा हिशोब उलटा केला. आता हवा गार असताना रिले खेचलेला राहतो आणि पंख्याला रोखून धरतो. तेही कधी, तर आयसीचे दोन्ही भाग 'गार आहे आणि तार शाबूत आहे' असं म्हणत असतील तेव्हाच. ट्रान्सफॉर्मर जळाला, ट्रान्झिस्टर तुटून उघडा पडला, रिलेची कॉइल गेली, तार कुरतडली, यातलं काहीही झालं तरी रिले सुटतो आणि पंखा फिरतो. उंदराने दोन तारा एकमेकींना चिकटवल्या तर रोध शून्य, म्हणजे भयंकर उकाडा, म्हणजे पंखा चालूच.

सगळं झाकलं गेलं असं नाही. ट्रान्झिस्टर आतून शॉर्ट झाला तर रिले खेचलेलाच राहील आणि पंखा बंद. मोठे पंखे काँटॅक्टरवरून चालतात, त्या काँटॅक्टरची कॉइल गेली तर आमचं सगळं शहाणपण पाण्यात. आणि वीजच गेली तर पंखा सुरू करणारं सर्किट अजून जगात निघालेलं नाही. त्यासाठी भाच्याने वेगळाच एक रिले लावला. विजेने खेचून धरलेला. वीज गेली की तो सुटतो आणि स्कूटरच्या बॅटरीवर भोंगा वाजतो. मग माणूस धावत येतो, पडदे वर करतो, जनरेटर लावतो. (२३० व्होल्टचं सगळं काम गावच्या वायरमनकडून करून घेतलं. घरी करून बघणाऱ्यांनी एवढं ऐका.)

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं काही मी शोधून काढलेलं नाही. हे शहाणपण फार जुनं आहे आणि आमच्या नवापूर स्टेशनावरूनच रोज धावतंय. गाडीत साखळी ओढली की ब्रेक का लागतात, कधी विचार केलाय? साखळी ब्रेक 'दाबत' नाही. ब्रेक लागायलाच टपलेले असतात. जुन्या गाड्यांत नळीतल्या निर्वात पोकळीने ते मागे धरून ठेवलेले असायचे, आताच्या गाड्यांत दाबाखालच्या हवेने. साखळी ओढली की नळीला तोंड फुटतं आणि ब्रेक लागू लागतात. गाडीचे दोन तुकडे झाले तर नळी तुटते आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. तसंच ते जुने हाताचे सिग्नल. केबिनमधून तार ओढली की सिग्नल 'जा' म्हणायचा. तार तुटली तर हात वजनाने आपला 'थांबा' वर जायचा. म्हणजे हाच प्रश्न, अगदी याच शब्दांत, त्या लोकांनी दीडशे वर्षांपूर्वी विचारला होता. तार तुटली तर?

आणि आपण? आपल्याकडे आर्डुइनो आहे, अ‍ॅप आहे, क्लाउड आहे. एवढा एक प्रश्नच नाही.

यावर लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. पहिलं म्हणजे "मुलं आहेत, त्यांना आधी चालणारं तरी बनवू दे". बनवू द्या की! पण आयर्न जवळ नेणाऱ्या परीक्षकाने एकदा तार उपटून बघायला काय हरकत आहे? पाच सेकंद लागतात. पाच सेकंदांत कळेल की प्रोजेक्ट विकत घेतलाय की केलाय. कारण विकत घेतलेल्या प्रोजेक्टचा मालक दचकेल, आणि केलेल्याचा मालक निदान विचारात पडेल.

दुसरं म्हणजे "आता चांगले कंट्रोलर तयार मिळतात, अलार्मसकट. घरी कशाला बनवायचा?" मान्य. शंभर टक्के मान्य. जिभाऊंनी उद्या चांगला कंट्रोलर घेतला तर मी टाळ्या वाजवीन. पण चांगला कुठला, हे दुकानात कसं ओळखणार? लाल आकड्यांवरून? काउंटरवर उभं राहून 'सेन्सर काढून दाखवा' म्हणायची हिंमत यायला एकदा तरी स्वतःच्या हाताने सेन्सर काढून पंखा बंद पडलेला बघावा लागतो. सर्किट बनवायचं ते पैसे वाचवायला नाही. विकणाऱ्यासमोर मान ताठ ठेवायला.

तिसरी हरकत मात्र खरी आहे आणि ती मला जिभाऊंनीच घातली. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "आता काही झालं तरी पंखा चालूच राहणार." ते म्हणाले, "आणि डिसेंबरात पिल्लं आली तर?" मी गप्प. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची असते. थंडीच्या रात्री तार तुटून पंखे सुरू झाले तर पिल्लं गारठून एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. म्हणजे मे महिन्यात जो पंखा जीव वाचवेल तोच डिसेंबरात जीव घेईल. मग ठरलं की पिल्लं असेपर्यंत पंख्यांचा मेन स्विच बंद ठेवायचा आणि पेटीवर मोठ्या अक्षरात तसं लिहायचं.

मला या हरकतीने माझा मुद्दा जास्तच पटला. बिघडल्यावर कुठल्या बाजूला पडायचं याचं उत्तर पुस्तकात नसतं, डेटाशीटमध्येही नसतं. ते पंख्याखाली कोण आहे यावर ठरतं. आणि पंख्याखाली कोण आहे हे बघायला शेडमध्ये जावं लागतं, तिथला वास घ्यावा लागतो, सातवी पास माणसाला 'दादा, तुम्हीच सांगा' म्हणावं लागतं. दीड हजारांच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच मिळत नाही.

आता थोडं आडवळण, पण फार लांब जात नाही. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात यंत्रांचा आणि योजनांचा पहिला नारळ फुटायला काही कमी नाही. देशातलं पहिलं आधार आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. मोठा सोहळा झाला. पुढे रेशनवर अंगठ्याचं मशीन आलं. आयुष्यभर मिरची तोडून, ऊस तोडून बोटं झिजलेली म्हातारी मशीनवर अंगठा ठेवते. ठसा जुळला नाही. मशीन काय म्हणतं? नाही म्हणतं. कागदावर दुसरे मार्ग असतात, मला माहीत आहे. पण ते मागून, कुणीतरी भांडल्यावर, परत खेटा घातल्यावर. मशीनचं पहिलं उत्तर 'नाही' असतं.

ठसा जुळला नाही यात चोरीची शक्यता किती आणि झिजलेल्या बोटाची किती? रेशनच्या रांगेत उभं राहून बघितलं तर उत्तर मिळेल. तरी रिले कुठल्या पॉइंटला जोडलाय बघा! यंत्र चुकलं की धान्य बंद. पंखा बंद. तार तुटली ती सरकारची, उपाशी राहायचं म्हातारीने. ज्याने हे यंत्र आखलं तो दुष्ट होता असं मी म्हणत नाही. बहुधा तो हुशार मुलगा असणार, ज्याच्या प्रोजेक्टला परीक्षकाने आयर्न लावून बघितलं आणि तार कधी उपटली नाही.

म्हणून मला त्या दीड हजारांचा राग येतो. पैशांसाठी नाही. ताई, तू पोराला त्याहून महागडे बूट घेऊन दिलेस, मी काही बोललो नाही. पण प्रोजेक्ट विकत घेतला असता तर भाचा हेच शिकला असता की यंत्र म्हणजे दाखवायच्या दिवशी चालणारी वस्तू. आणि उद्या तो कुठल्या कंपनीत बसून कुणाच्या तरी शेडचा, दवाखान्याचा, रेशनचा डबा बनवील तेव्हा हेच शिकलेलं घेऊन बसेल. "सेन्सरच तुटला तर मशीन काय करणार" म्हणणारे आकाशातून पडत नाहीत. आपणच तयार करतो, रिपोर्टसकट.

प्रोजेक्टचं काय झालं? परीक्षकांनी आयर्न लावलं, पंखा फिरला. त्यांनी विचारलं, "मोबाइल अ‍ॅप नाही का?" भाचा म्हणाला, "नाही सर, पण तार काढून बघा." ते म्हणाले, "राहू दे, वेळ नाही." पंचवीसपैकी सतरा. ज्याने तयार घेतला त्याला बावीस. (हो ताई, ऐकतोय मी.)

सर्किट आता जिभाऊंच्या शेडमध्ये आहे. एका छोट्या एक्झॉस्टवरच लावलंय. मोठ्या पंख्यांना अजून जुनी पेटीच आहे, पण तिच्या तारा आता लोखंडी पाइपातून नेल्यात. भाच्याने पेटीवर मार्करने लिहून ठेवलंय, 'दर महिन्याच्या १ तारखेला तार काढून बघणे'. १ जूनला जिभाऊंचा फोन आला. म्हणाले, तार काढली, पंखा चालू झाला, परत लावली. एवढंच सांगायला फोन केला होता.

असो. तुमच्या घरी, ऑफिसात, शेतात जे काही आपोआप चालतं, त्याची एक तार एकदा काढून बघा. (विजेची नव्हे, बाबांनो, सेन्सरची!) आणि काय झालं ते मला कळवा.